कॉफी भाजणाऱ्याचं नाक

माझे वडील फुटाणे भाजायचे. वर्ध्याच्या बाजारात आमची भट्टी होती, तापलेल्या रेतीत चणे, शेंगदाणे, मुरमुरे. त्यांच्यानंतर ती माझ्याकडे आली. फुटाण्यांवरून मी कॉफीवर कसा गेलो हे लोक अजून विचारतात, कारण तेव्हा आमच्या जिल्ह्यात कॉफी पिणारा माणूस शोधावा लागे. पाहुण्याला चहा, मजुराला चहा, भांडण मिटलं की चहा. कॉफी म्हणजे जायफळ घालून आजारी माणसाला द्यायची वस्तू.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एक निवृत्त स्टेशनमास्तर दुकानात आले. मूळचे मद्रासकडचे, पण बरीचशी नोकरी याच बाजूला झाली आणि शेवटी वर्ध्याला लागून सिंदी मेघेत घर बांधून इथलेच झाले. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत हिरवट राखाडी बिया. म्हणाले, "भाऊ, तुम्ही चणे छान भाजता. हे भाजून पाहाल का? गावाकडून आणलंय. बायको तव्यावर भाजते तर अर्धं कच्चं, अर्धं कोळसा."

मी त्या बिया फुटाण्यांसारख्याच रेतीत टाकल्या आणि वाया घालवल्या. त्यांना रेतीचा वास लागला. मास्तर रागावले नाहीत, दुसरी पिशवी घेऊन आले. मग मी लोहाराकडून पत्र्याचं बंद पिंप करून घेतलं, त्याला दांडा बसवला आणि निखाऱ्यांवर ते फिरवू लागलो. भाजत आलेल्या बिया मधून मधून चमच्याने बाहेर काढून नाकाशी धरायचो. आधी ओल्या गवताचा वास येतो. मग भाजलेल्या गव्हाचा. मग बिया तडतडू लागतात आणि गुळाचा पाक करपायच्या जरा आधी जसा येतो तसा वास सुटतो. तो आला की पिंप उतरवायचं. मला हे कोणी शिकवलं नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मास्तरांनी पूड नाकाशी नेली, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

त्यांनी इतरांना सांगितलं. मोठ्या दवाखान्यातल्या केरळच्या नर्सबाया आल्या, रेल्वेतले लोक आले, एक-दोन प्राध्यापक आले. दक्षिणेतून पोती येऊ लागली. बाजारातली भट्टी मी बंद केली आणि सिंदी मेघेच्या रस्त्याला आमच्या घरामागे टिनाचं शेड टाकलं. पहिल्या दिवशी धूर पाहून शेजारचे बादल्या घेऊन धावले होते. पिंपाला पुढे मोटर बसवली, तरी दांडा काढला नाही, कारण वीज कधी जाईल याचा भरवसा नसे आणि अर्धवट भाजलेला माल थांबत नाही.

माझ्या नाकाची ख्याती झाली. शेडमध्ये बसल्या बसल्या मी सांगायचो, कोणाच्या पिशवीत मेथी आहे, कोण दवाखान्यातून आलंय. लोक मुद्दाम परीक्षा घ्यायचे. घरीही तोच खेळ. दुपारी जेवायला आलो की दारातच थांबून म्हणायचो, "आज भरली वांगी. अन् खोबरं जरा जास्त भाजलं." बायको आतून म्हणायची, "नाक हाय का काय हाय!" ती जवळच्याच सेलूच्या शेतकऱ्यांच्या घरातली. दिवसभर हसतच काम करायची, पण या खेळाला ती जरा जास्त हसायची.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. एका हिवाळ्यात मला ताप आला. साधा ताप, सर्दी, अंग दुखणं. आठवडाभराने उठलो, अंघोळ केली, शेडमध्ये गेलो. मोटर लावली, बिया तडतडल्या, धूर झाला आणि मला काही कळेना. धूर डोळ्यांना झोंबत होता, पण नाकात काही नव्हतं. थंडीचा वारा नाकात शिरतो ना, नुसता गार, तसं. मी चमचाभर बिया नाकाशी धरल्या. मग मूठभर धरल्या. बियांचा रंग बघता बघता काळा झाला तेव्हा कुठे मी पिंप उतरवलं. तो माल मी मागच्या नालीत टाकला आणि वर माती ओढली, कोणी पाहू नये म्हणून.

सर्दी आहे, जाईल, असं मी स्वतःला सांगत राहिलो. गेली नाही. म्हणजे सर्दी गेली, वास आला नाही. मी नागपूरला गेलो. वर्ध्यातल्या डॉक्टरकडे ओळखीचं कोणी ना कोणी बसलेलं असतं, म्हणून नागपूरला. घरी सांगितलं, मोटरचा पट्टा आणायला चाललो. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून माझ्या नाकाखाली एकेक बाटली धरली. लवंग होती म्हणे, कापूर होता. मला सगळ्यांत नुसती गार काच, वास कशालाच नाही. त्यांनी विचारलं, "व्यवसाय काय करता?" मी म्हणालो, "किराणा दुकान आहे." खोटं आपोआप तोंडातून निघालं. डॉक्टर म्हणाले, "मग फार बिघडत नाही. तापानंतर कधी कधी होतं असं. येईल परत. कधी कधी येतही नाही." मी मान डोलावली, आणि येताना आठवणीने मोटरचा पट्टा विकत घेतला.

मग मी डोळ्यांनी आणि कानांनी भाजू लागलो. रंग बघायचा, तडतड ऐकायची. उजेड चांगला असला की जमायचं. ढगाळ दिवशी चुकायचं. एखादं गिऱ्हाईक म्हणायचं, "भाऊ, या वेळी जरा कडू झाली." मी म्हणायचो, "या हंगामात मालच तसा येऊन राह्यला." वास घेण्याचं नाटक मात्र चालू ठेवलं. चमचा काढायचा, नाकाशी धरायचा, डोळे बारीक करायचे. पूर्वी जेवढं करत नव्हतो तेवढं करायचो. बायकोलाही सांगितलं नाही. का नाही सांगितलं ते मला नीट सांगता येत नाही. सुताराचा हात गेला तर लोकांना दिसतं, हळहळतात. माझं तर काहीच दिसत नव्हतं. चारचौघांत ज्याची फुशारकी मारली तेच नेमकं गेलं होतं, आणि हे कोणासमोर उच्चारायचं या विचारानेच माझे कान गरम होत.

एकदा गॅसवर दूध होतं आणि मी शेजारीच पेपर वाचत बसलो होतो. बायको अंगणातून धावत आली. पातेलं काळं ठिक्कर. "अहो, एवढं जळून राह्यलं, तुमाले वास नाई आला?"

"वाचत होतो," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पातेलं घासायला घेतलं.

त्या हिवाळ्यानंतरच्या उन्हाळ्यात मास्तरांच्या मुलीचं लग्न निघालं. मुलाकडचे लोक मद्रासहून येणार होते. मास्तर स्वतः येऊन म्हणाले, "भाऊ, मंडप कोणीही बांधेल, जेवण आमचे आचारी करतील. पण सकाळी गाडीतून उतरल्यावर पाहुण्यांच्या हातात जी कॉफी जाईल ती तुमची. आमच्या लोकांना दाखवायचंय मला."

त्यासाठी मी नवीन पोती मागवली. ट्रान्सपोर्टच्या गाडीतून ती उतरवताना एका पोत्यावर मोठा डाग दिसला. ड्रायव्हर म्हणाला, "काही सांडलं असन भाऊ, पाहून घ्या." मी सवयीने वाकलो, पोत्याला नाक लावलं, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणालो, "काही नाही. पाणी हाय." आणि नेमकं तेच पोतं आधी फोडलं, ओल लागून खराब व्हायच्या आत संपवावं म्हणून.

लग्नाच्या सकाळी मी आणि बायको कार्यालयात पोचलो तेव्हा पाहुणे नुकतेच आले होते. आचाऱ्यांनी मोठ्या भांड्यात कॉफी तयार केली होती. वाफा निघत होत्या. मास्तर पांढऱ्याशुभ्र वेष्टीत, म्हणजे त्यांच्याकडच्या धोतरात, कपाळावर गंध लावून पाहुण्यांत उभे होते. मला पाहताच त्यांनी हात धरून मध्ये नेलं. "हे बघा, आमचे कॉफीवाले भाऊ. यांच्यामुळे इतकी वर्षं मला गाव सोडल्यासारखं वाटलं नाही." आपल्या भाषेतही त्यांनी ते पाहुण्यांना सांगितलं. मग स्टीलच्या पेल्यातली पहिली कॉफी माझ्याच हातात दिली. "आधी तुम्ही. सांगा कशी झाली."

मी घोट घेतला. गरम होती, गोड होती, जरा कडू होती. मला एवढंच कळत होतं. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी पूर्वीसारखे डोळे मिटले, मान हलवली आणि मोठ्याने म्हणालो, "एक नंबर!"

मग पेले फिरले. नवऱ्या मुलाच्या काकांनी एक घोट घेतला आणि पेला हळूच खाली ठेवला. एका बाईने तोंडाला पदर लावला. एक मुलगी बाहेर धावली आणि थुंकली. मास्तरांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे मामी म्हणायचो, भांड्याजवळ गेल्या आणि वाफेवर वाकून लगेच मागे झाल्या; आचाऱ्यांना तो वास नुकत्याच पुसलेल्या फरशीचा वाटला होता म्हणे. मास्तरांनी स्वतःचा पेला तोंडाला लावला. मग ते माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही.

"तुम्ही प्यायलात ना भाऊ?"

"हो."

"आणि एक नंबर?"

ते काका त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले आणि त्यांच्या भोवतीचे दोघे-तिघे हसले. ते काय बोलले हे मला आजपर्यंत माहीत नाही. मी कधी मास्तरांना विचारलं नाही. पण मनात त्या वाक्याचे मी शेकडो अर्थ लावले आहेत.

बायको बायकांच्या घोळक्यातून पुढे आली. तिने माझ्या हातातला पेला घेतला, वास घेतला, आणि तिचा चेहरा उतरला. "मास्तरसाहेब," ती म्हणाली, "पोत्यावर डाग होता, तो फिनाईलचा हाय. चुकी आमची हाय. जुन्या पोत्यातली पूड घरी हाय, मी आत्ता घेऊन येतो." आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, मी येतो, मी जातो. ते ऐकूनही पाहुण्यांतलं कोणीतरी हसलं.

स्कूटरवरून आम्ही घरी आलो. शेडमध्ये शिरल्यावर तिने त्या डागाच्या पोत्यातून मूठभर बिया काढल्या आणि माझ्या नाकाशी धरल्या. "सांगा, कशाचा वास येऊन राह्यला?"

"कॉफीचा," मी म्हणालो.

ती न्हाणीत गेली, फिनाईलची बाटली घेऊन आली, झाकण उघडून नाकाखाली धरली. "अन् याचा?"

मी खाली पाहिलं. मग तिथेच पोत्यावर बसलो.

"कधीपासून?"

"हिवाळ्यात ताप आला होता ना. तेव्हापासून."

"काऊन नाई सांगितलं?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, लग्नात झालेल्या शोभेचं असेल. पण ती म्हणाली, "तुमी दारात थांबणं सोडलं. वांग्याचं, खोबऱ्याचं काही बोलणं सोडलं. मले वाटलं, माह्या हातचं आता तुमाले आवडतच नाई. मी मसाला बदलला, तेल बदललं. शेजारणीले विचारून विचारून भाज्या केल्या. अन् तुमी त खाली मान घालून जेवून राह्यले."

मला लग्नातल्या त्या हसण्याचं जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. मी माझी अब्रू झाकत होतो, आणि ती बिचारी माझ्यासमोरच रोज नवीन भाजी करून हरत होती. मी तिचा हात धरायला गेलो तर तिने तो सोडवून घेतला. "ते मंग पाहू. तिथं लोक थांबले हायेत."

जुन्या मालाच्या पुड्या दुसऱ्या गिऱ्हाइकांसाठी बांधून ठेवल्या होत्या. तिने एकेक उघडून वास घेतला आणि पिशवीत टाकली. कार्यालयात पोचलो तेव्हा मामींनीही त्यातली प्रत्येक पुडी माझ्यासमोर उघडून नाकाशी नेली. त्यांनी काही वाईट केलं नाही, मीही तेच केलं असतं. पण इतक्या वर्षांत त्यांनी माझी पुडी अशी तपासली नव्हती. तोपर्यंत बाहेरच्या टपरीवरून चहा आला होता आणि पाहुणे तो पीत होते. मंगलाष्टकासारखं काही त्यांच्यात नसतं, पण वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या, आणि मी मागच्या खुर्चीवर बसून राहिलो. जेवायला थांबलो नाही.

त्यानंतर बायको म्हणाली, लोकांना सांगून टाका. मी नाही म्हणालो. "मंग भट्टी बंद करा," ती म्हणाली. तेही मला जमेना. दुसऱ्या दिवशी ती पदर खोचून शेडमध्ये आली आणि पिंपाजवळ उभी राहिली. मी चमचा काढायचो, ती वास घ्यायची. सुरुवातीला तिने एक-दोन खेपा घाईने उतरवायला लावल्या, मग तिला तो गुळाच्या पाकाचा वास ओळखता येऊ लागला. "काढा," ती म्हणायची आणि मी पिंप उतरवायचो. रस्त्याने जाणाऱ्यांना हे सगळं दिसायचं. पानठेल्यावरचा एक जण म्हणाला, "भाऊ, आता वैनी हुंगते अन् तुमी भाजता काय?" मी सगळ्यांबरोबर हसलो आणि म्हणालो, "शिकवून राह्यलो तिले." ती पलीकडेच उभी होती. तिने ऐकलं, पण घरी आल्यावर त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. तिने भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मास्तर येईनासे झाले. नागपूरहून कोणीतरी त्यांना पूड आणून देतं असं ऐकलं. त्यांच्या घरावरून जायचं टाळण्यासाठी मी लांबच्या रस्त्याने फिरायचो. एका दुपारी बायको म्हणाली, "मी मामीकडं गेलतो. सांगून आलो सगळं."

मी चिडलो. "तुले कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाई," ती म्हणाली. "मले त्या घरची लाज वाटून राह्यली होती. तुमची तुमी पाहा."

काही दिवसांनी मास्तर शेडमध्ये आले. मला वाटलं, ते काहीतरी बोलतील. झालं गेलं विसरा म्हणतील, किंवा रागावतील. ते माझ्याशी हवापाण्याचं बोलले, मुलगी खुशाल आहे म्हणाले. मग पिंपाकडे वळून त्यांनी बायकोला विचारलं, "ताजी आहे ना, वहिनी?" तिने हो म्हटल्यावरच त्यांनी पिशवी पुढे केली. मी हातात माप घेऊन दोघांच्या मध्ये उभा होतो. त्यांनी मला दुखवायचं म्हणून केलं नाही हे मला तेव्हाही कळत होतं. ते नियमित येऊ लागले, आणि प्रत्येक वेळी तिलाच विचारत राहिले.

अशी काही वर्षं गेली. मी पोती उचलायचो, दळायचो, सायकलवर पुड्या पोचवायचो. दिवाळीला आम्ही सेलूला तिच्या भावाकडे गेलो होतो. सकाळी गोठ्यात उभा होतो आणि अचानक मला शेणाचा वास आला. मी तिथेच थिजलो. मग गवताचा आला, म्हशीच्या अंगाचा आला. मी ओरडून बायकोला बोलावलं. ती धावत आली, तिला वाटलं मला काही चावलं. "शेण!" मी म्हणालो, "शेणाचा वास येऊन राह्यला!" तिचा भाऊ आमच्याकडे पाहतच राहिला.

घरी आल्याबरोबर मी शेडमध्ये गेलो. आदल्या आठवड्यात भाजलेल्या बियांचा डबा उघडला आणि तोंड फिरवलं. जळालेल्या टायरसारखा, सडलेल्या कांद्यासारखा वास. "खराब झालं सगळं," मी म्हणालो. बायकोने वास घेतला. "कुठं खराब? याच्याहून चांगलं मी आजवर नाई भाजलं." मी दुसरा डबा उघडला, तिसरा उघडला. सगळ्यांत तोच टायर. नागपूरचे डॉक्टर पुढे म्हणाले, असं होतं, वास परततो तेव्हा काही वास उलटेपालटे होऊन परततात, आणि कॉफीचं तर बऱ्याच जणांना होतं. फोडणीचा वास मला येतो, साबणाचा येतो, तिच्या केसांच्या तेलाचा येतो. ज्याच्या जिवावर घर उभं केलं त्याच्याच वासाने मळमळतं. तिला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती गंभीर चेहऱ्याने ऐकत होती, आणि मग एकदम हसत सुटली. हसता हसता खाली बसली, पदराने डोळे पुसू लागली. मलाही हसू आलं. त्या लग्नानंतर आम्ही दोघं असे हसलो नव्हतो.

बाहेर मात्र मी हे सांगत नसे. गिऱ्हाइकाच्या घरी पुडी द्यायला गेलो आणि त्यांनी कप पुढे केला, की श्वास रोखून प्यायचो आणि छान म्हणायचो.

मग एकदा दवाखान्यात नव्याने लागलेलं एक डॉक्टर जोडपं भट्टी पाहायला आलं. तरुण पोरं होती, सगळ्याचे फोटो काढत होती. मुलीने मला विचारलं, "काका, तुम्हाला स्वतःला कशी आवडते? जास्त भाजलेली की कमी?" माझे डोळे सवयीने बारीक होऊ लागले होते. बायको पिंपाजवळ होती, तिने मान वळवली नाही. मी म्हणालो, "मला कॉफीचा वासच नीट येत नाही. आजारपणात नाक गेलं. इथलं सगळं या भाजतात, यांना विचारा."

बोलताना माझी मान घामाने भिजली. मुलगी "अरे, हो का," म्हणाली, आणि बायकोकडे वळून तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. तिचा नवरा मला विचारत होता, क्वार्टरवर घरपोच मिळेल का. मी पत्ता लिहून घेतला.

ते गेल्यावर बायको म्हणाली, "ऐका, मोटर बंद झाली पाहा. लाइट गेली. दांडा फिरवा लवकर."

मी दांडा धरला. तिने चमचा काढून नाकाशी धरला, आणि मी तोंडाने श्वास घेत फिरवत राहिलो.